मागच्या रांगेतली माणसे

आई गेली त्याच्या चौथ्या दिवशी धाकट्या भावाने विचारले, "ताई, आईचा एखादा बरा फोटो आहे का गं तुझ्याकडे?" तेरवीच्या पत्रिकेवर छापायला आणि पाटावर ठेवून हार घालायला फोटो हवा होता. मी सहज 'आहे की' म्हणून गेले आणि मोबाइल उघडला. त्यात चार हजारांवर छायाचित्रे होती. चर्चासत्रे, निरोप समारंभ, पुस्तकांची मुखपृष्ठे, फळ्यावर लिहिलेले मुद्दे, भाचरांचे वाढदिवस. आई त्यांतल्या अकरा छायाचित्रांत सापडली. एकात तिचा फक्त हात होता, एकात ती पाठमोरी, एकात केकच्या मागे अर्धी कापलेली. भावाच्या मोबाइलची गतही वेगळी नव्हती. आधार कार्डावरचा फोटो होता, पण त्यात आई चोरी पकडल्यासारखी घाबरून बघत होती. तो फोटो तिचा नव्हे, त्या यंत्राचा होता.

शेवटी माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. तीत १९९४ सालच्या उन्हाळ्यात झालेल्या चुलत बहिणीच्या लग्नाचा अल्बम मिळाला. पाने एकमेकांना चिकटली होती, रंग उडून सगळ्या चेहऱ्यांवर तांबूस झाक आली होती. हळदीच्या एका छायाचित्रात नवरीच्या मागे, मांडवाच्या खांबाला टेकून आई उभी होती. हातात पितळी परात, डोक्यावरून पदर, नजर चौकटीच्या बाहेर कुठेतरी डावीकडे. ओठांवर नुकतेच काही बोलून झाल्याची खूण. वय असेल अडतीस. आज मी तिच्या त्या वयाहून मोठी आहे.

तो फोटोग्राफर मला आठवतो. लूनावरून आला होता, गळ्यात याशिका, खांद्यावर रेक्झिनची बॅग. आम्ही पोरीसोरी त्याच्या मागेमागे फिरत होतो आणि तो आम्हाला सारखा हाकलत होता, कारण त्याच्याकडे छत्तीस फोटोंचे दोन रोल होते आणि एकेक फोटो मोजूनमापून काढायचा होता. आईचा फोटो त्याने काढलेलाच नाही. त्याने नवरीचा काढला. आई त्यात आली, एवढेच.

जिल्ह्याच्या ठिकाणी एका स्टुडिओत ते छायाचित्र मोठे करायला नेले. तिथल्या मुलाने आईचा चेहरा संगणकाच्या पडद्यावर कापून घेतला आणि अतिशय अदबीने विचारले, "मॅडम, साडी चेंज करून देऊ?" त्याच्याकडे तयार साड्यांची रांगच होती. खांदे, गळा, दागिने यांच्यासकट तयार. वर फक्त चेहरा बसवायचा. क्षणभर आई कुणा परक्या बाईच्या खांद्यांवर लाल पैठणीत दिसली. मी जवळजवळ ओरडलेच. तो बिचारा गोंधळला. बहुतेक लोक बदलूनच घेतात, म्हणाला. मग आई तिच्या विटक्या सुती साडीतच भिंतीवर आली. परात मात्र कापली गेली.

हे सगळे सांगण्याचे कारण निराळे आहे. या घटनेच्या वर्षभर आधी माझ्याकडून एक चूक झाली होती आणि ती मला त्या स्टुडिओच्या बाकावर बसल्यावर कळली.

*

आमच्या एम.ए. मराठीच्या वर्गातली एक विद्यार्थिनी एकदा तास संपल्यावर थांबली. लग्नसराईत महिनाभर तिला सुट्टी हवी होती. मामेभाऊ लग्नाचे फोटो काढतो, त्याच्याबरोबर ती लाइट धरायला जात होती आणि आता तिला स्वतः फोटो काढायला शिकायचे होते. "मॅडम, मले हेच काम कराचं हाये," ती म्हणाली. एरवी वर्गात प्रमाण मराठीत जपून बोलणारी ती मुलगी मनातले सांगताना आपल्या बोलीत आली. मी तिला काय उत्तर दिले? "एम.ए. करून लाइट धरणार का? नेट-सेटचा अभ्यास कर." वर थोडी हसलेही. ती 'हो मॅडम' म्हणून निघून गेली.

हे बोलणारी मी स्वतः अनेक वर्षे तासिका तत्त्वावर शिकवलेली बाई. नेट-सेट झालेली किती मुले तासाच्या हिशेबाने राबतात आणि उन्हाळ्यात, जेव्हा तास नसतात तेव्हा, कुणाकुणाकडे उसने मागतात, हे मला पाठ आहे. तरीही माझ्या तोंडून ते वाक्य आले, कारण आपल्या मनात कामांची एक उतरंड बसलेली असते. कथा लिहिणे वर, कथेवर लिहिणे त्याच्या जरा खाली आणि लोकांच्या लग्नात कॅमेरा घेऊन फिरणे फार खाली. छायाचित्रणालाही आपण कला म्हणतो, पण ती घाटावरच्या धुक्याची, म्हाताऱ्याच्या सुरकुत्यांची, प्रदर्शनात लागणारी. लग्नाचा फोटोग्राफर म्हणजे 'जरा हसा', 'इकडे बघा' म्हणणारा विनोदी माणूस. नाटकातून आणि चित्रपटांतूनही तो बहुधा तसाच येतो.

अड्याळ हे भंडारा–पवनी रस्त्यावरचे बाजाराचे गाव. बाहेरच्या लोकांना नाव ऐकून ब्रह्मपुरी तालुक्यातली अड्याळ टेकडी आठवते, ती वेगळी. आमचे अड्याळ पवनी तालुक्यातले, धानाच्या बांध्यांमधले. झाडीबोलीत ळचा र होतो, त्यामुळे आईच्या पिढीच्या तोंडी ते 'अड्यार'च. या गावात आईसारख्या कितीतरी बायका आयुष्यभर स्वतःहून कधी कॅमेऱ्यासमोर गेल्या नाहीत. यात्रेत रंगवलेला पडदा लावून फोटोवाल्याचा तंबू लागायचा. आई बाहेरून बघायची, आत जायची नाही. फोटोने आयुष्य कमी होते असे तिची आई सांगायची. ही समजूत एकट्या आमच्या झाडीपट्टीतली नव्हे. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय करीत होते. प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेल्यावर तो मोडला. पुढे बडोद्यास त्यांनी पुन्हा धंदा मांडला, तेव्हा कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो या समजुतीपायी गिऱ्हाईक फिरकेना, असे त्यांचे चरित्र सांगते. २०२१ सालच्या 'फोटो प्रेम' या मराठी चित्रपटात नीना कुळकर्णी यांनी अशीच कॅमेऱ्याला भिणारी, पण मागे आपला धड फोटो राहणार नाही या विचाराने बेचैन झालेली बाई उभी केली आहे. तो पाहिला तेव्हा मला तो गमतीचा वाटला होता. पेटी उतरवल्यानंतर तसा वाटेना.

कॅमेऱ्यासमोर न जाणारी ही माणसे एकाच ठिकाणी हमखास सापडतात: दुसऱ्याच्या लग्नात, मागच्या रांगेत. गावात कुणी गेले की घरोघरचे लग्नाचे अल्बम उघडले जातात, ते याचसाठी. माझ्या ओळखीच्या किमान पाच घरांत भिंतीवरचा हार घातलेला फोटो कुणाच्या तरी हळदीतून, वरातीतून किंवा पंगतीतून कापून काढलेला आहे. नवरानवरीचे फोटो काढतो आहे असे ज्या माणसाला वाटत होते, तो नकळत सबंध गावाचे शेवटचे फोटो काढत होता.

*

आई गेल्यावर मला रोलाँ बार्थ यांचे पुस्तक पुन्हा वाचावेसे वाटले. १९७७ साली त्यांची आई वारली. त्यानंतर तिची छायाचित्रे चाळताना त्यांना तिचे पाच वर्षांची असतानाचे एक छायाचित्र सापडले, आणि त्यातून १९८० साली 'कॅमेरा ल्युसिडा' म्हणून इंग्रजीत ओळखले जाणारे त्यांचे छोटे पुस्तक उभे राहिले. पुस्तकात इतर अनेक छायाचित्रे छापली आहेत, पण आईचे ते छायाचित्र मात्र छापलेले नाही. इतरांना ते एक सामान्य जुने छायाचित्रच वाटेल, असे त्यांचे म्हणणे. वर्गात 'स्टुडियम' आणि 'पंक्टम' या संज्ञा मी कितीतरी वेळा समजावून दिल्या होत्या. छायाचित्राचा सर्वांना कळणारा सांस्कृतिक अर्थ तो स्टुडियम आणि त्यातला एखादाच तपशील जो बघणाऱ्याला टोचतो तो पंक्टम. कापली गेलेली ती परात आठवली तेव्हा मला दुसरी संज्ञा कळली.

पण आपल्या विषयाला बार्थपेक्षा पिएर बुर्द्यू अधिक उपयोगी आहेत. १९६५ साली त्यांनी सहकाऱ्यांसह छायाचित्रणावर एक समाजशास्त्रीय ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या फ्रेंच शीर्षकाचा अर्थ 'एक मधली कला' असा काहीसा होतो. त्यात त्यांनी आपल्याच बेआर्न या शेतकरी प्रदेशातल्या लग्नांच्या छायाचित्रांचा विचार केला आहे. खेड्यात छायाचित्रण शिरले ते लग्नासारख्या समारंभांच्या वाटेने. समूहचित्रात कोण कुठे उभा राहतो याला अर्थ असतो, आणि त्याची प्रत विकत घेणे हे नवदांपत्याला मान देण्यासारखेच असते, असे त्यांचे निरीक्षण आहे. आमच्याकडे आहेर दिल्यावर स्टेजवर फोटो निघालाच पाहिजे, आणि नाही निघाला तर आत्या वर्षभर बोलत नाही, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना बुर्द्यू वेगळे काही सांगत नाहीत. एवढेच, की आपण ज्याला हसतो त्यालाही विचाराचा विषय करता येतो याची आठवण ते देतात.

ही आठवण झाल्यावर मी त्या विद्यार्थिनीला निरोप पाठवला. ती आली. मी म्हटले, "पुढच्या लग्नाला मला घेऊन चल." ती आधी घाबरली, मग हसली. त्या सराईत मी चार लग्नांना गेले. दोन ओळखीची होती, दोन तिच्या मामेभावाच्या ओळखीने. एका लग्नात तर मीच लाइट धरला.

*

तेव्हा जे पाहिले ते इथे लिहिते. हे काम करून बघावे असे वाटणाऱ्या, पण आपल्यासारख्या कुणा मास्तर-मास्तरणीच्या हसण्याने मागे फिरलेल्या मुलामुलींसाठी हे आहे.

सुरुवात कॅमेरा विकत घेण्यापासून करू नये. घरचे धान विकून किंवा कर्ज काढून महाग कॅमेरा घेतलेली आणि दोन सराईत मोडून पडलेली मुले आहेत. कॅमेरा आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. पहिली सराई कुणाच्या तरी हाताखाली काढावी. लाइट धरावा, बॅटऱ्या चार्ज कराव्या, वायर गुंडाळावी. हे हलके काम नव्हे. लाइट धरणाऱ्यालाच प्रकाश कळतो. दुपारच्या मांडवात बाहेर भगभगीत ऊन आणि आत अंधार असतो. कॅमेरा बाहेरचे ऊन मोजतो आणि चेहरे काळे पडतात. मांडवाचे कापड गुलाबी-पिवळे असले की माणसेही गुलाबी-पिवळी होतात, आणि अशा वेळी हळद लागलेल्या नवरीचा रंग नेमका कोणता हे ठरवणे कठीण होऊन बसते. संध्याकाळी हॅलोजन आणि एलईडी एकत्र आले की एक गाल तांबडा, एक निळा. हे पुस्तकात वाचून समजत नाही. चार मांडव फिरल्यावर समजते.

मग येतो तो क्षण. मंगलाष्टके संपतात, अंतरपाट खाली येतो, माळा पडतात, अक्षता उडतात, वाजंत्री एकदम वाजू लागते. सगळे मिळून काही सेकंद. ते परत घ्यायला सांगता येत नाही. सांगणारे असतात, पण मग ते लग्न राहत नाही, नाटकाची तालीम होते. त्या सेकंदांसाठी जागा आधी धरावी लागते: भटजींच्या मागे, मामाच्या बाजूला, नवरीच्या आजीची नजर अडणार नाही अशी. फ्लॅश भरायला वेळ लागतो, म्हणून आधीच्या मिनिटभरात हात आवरावा लागतो. माझ्या विद्यार्थिनीने पहिल्या लग्नात नेमकी हीच चूक केली. अष्टकांचे वीस फोटो काढले आणि माळ पडली तेव्हा फ्लॅश पेटलाच नाही. मामेभावाचा दुसरा कॅमेरा होता म्हणून निभावले. म्हणूनच नवशिक्याने पहिले लग्न एकट्याने घेऊ नये, आणि घेतलेच तर त्या घराला खरे सांगावे. 'मी शिकतो आहे' म्हणणाऱ्याला लोक सांभाळून घेतात. खोटे बोलणाऱ्याला घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. कारण बिघडलेला निबंध पुन्हा लिहिता येतो, लग्न पुन्हा लावता येत नाही.

प्रत्येक समाजाचे लग्न वेगळे असते हेही शिकावे लागते. आमच्या भागात बौद्ध कुटुंबे पुष्कळ आहेत. तिथे अंतरपाट नाही, अक्षता नाहीत. बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमांसमोर त्रिशरण-पंचशील म्हटले जाते, वधूवर पांढऱ्या कपड्यांत असतात आणि फुले उधळली जातात. वधूवर वंदन करतात तो क्षण जो चुकवील, त्याला त्या लग्नातले काहीच कळलेले नाही. आदल्या दिवशी घरी जाऊन बसावे, विधी विचारावे, कोण मामा, कोण आत्या, कोण कुणाशी बोलत नाही हे जाणून घ्यावे. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे इतरांपेक्षा सोपे जायला हवे. कादंबरी वाचताना आपण पात्रांची नाती कागदावर मांडून घेतोच. कोणता प्रसंग ठेवायचा, कोणता वगळायचा, कुणाच्या नजरेने बघायचे, हे प्रश्न आपल्या ओळखीचे आहेत. फक्त इथे संहिता थांबत नाही.

मुलींनी तर जरूर यावे. हळदीच्या खोलीत, नवरीला साडी नेसवताना, निरोपाच्या आधीच्या त्या दहा मिनिटांत जेव्हा मायलेकी एकमेकींकडे बघतही नाहीत, तिथे पुरुष फोटोग्राफर शिरू शकत नाही, आणि शिरला तर सगळ्या जणी गप्प होतात. माझी विद्यार्थिनी तिथे सहज बसलेली असे. अर्थात तिला ऐकावे लागणारे बोलही होते. रात्री घरी कशी येणार? पोरांच्या वरातीत कशी फिरणार? दुसऱ्यांची लग्ने करत बसलीस तर तुझे कोण करणार? होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. त्यांची सुरुवातीची छायाचित्रे नवऱ्याच्या नावाने छापली गेली होती. आमच्या मुलीच्या फोटोंवरही पहिल्या वर्षी मामेभावाच्याच स्टुडिओचे नाव होते. तिला त्याचे काही वाटत नाही असे ती म्हणायची. मला वाटायचे.

व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी सांगून टाकते, कारण आपल्या लेखनात त्यांची लाज वाटण्याची प्रथा आहे. काय देणार, किती दिवसांत देणार, किती पैसे, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्या आणि काही रक्कम आधी घ्यावी. लग्न झाल्यावर सगळ्यांचे हात रिकामे होतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे, वेगळा करार नसेल, तर पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा असतो. तेव्हा कुणाच्या लेकीचा फोटो जाहिरातीला वापरायचा तर आधी विचारावे. कायदा नसता तरी विचारावे. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर २०२१ च्या नियमांप्रमाणे प्रमाणपत्र लागते. फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर साठवावेत, त्याच रात्री तिसरीकडे उतरवावेत. जेवण वेळेवर मिळेल ही आशा ठेवू नये. आणि हा धंदा वर्षभराचा नाही. तुळशीच्या लग्नानंतर, धान घरात आले की तो सुरू होतो, उन्हाळ्यात भरात येतो, आणि चातुर्मासात कॅमेरा कपाटात जातो. त्या महिन्यांसाठी दुसरे काही हाताशी हवे. माझी विद्यार्थिनी तेव्हा शाळांची ओळखपत्रे करते. पोट भरेल का, असे कुणी विचारले तर माझ्याजवळ ठाम उत्तर नाही. पण तासिका तत्त्वावर भरते का, असे मीही विचारू शकते.

*

एक गोष्ट मात्र या सगळ्यांहून महत्त्वाची वाटते, आणि ती मी त्या मुलीकडूनच शिकले.

तिचे गाव आता नाही. १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात वैनगंगेकाठची जी गावे गेली, त्यांतले ते एक. तिचे घर पुनर्वसनाच्या वसाहतीत आहे: सरळ रस्ते, सारखे प्लॉट. एकदा तिने मला मोठ्या काकांच्या लग्नाचा अल्बम दाखवला. दाखवताना ती नवरानवरीवर थांबतच नव्हती. "हे पाहा, हा आमचा दरवाजा. ही तुळस. हा कडुलिंब, याच्या खाली आजी बसे. ही भिंत आजोबाने सारवली." मांडवाच्या मागे, माणसांच्या डोक्यांवरून, दोन खांबांच्या फटीतून जेवढे गाव दिसत होते तेवढे तिच्या घराने साठवून ठेवले होते. "मॅडम, आमचं घर एवढंच उरलं हाये," ती म्हणाली. त्या फोटोग्राफरला ती पार्श्वभूमी नक्कीच अडचणीची वाटली असणार. दोरीवर वाळत घातलेले कपडे होते, बाजूला एक म्हैसही होती.

आज अशा पार्श्वभूमीला पुसून टाकण्याची फार चांगली साधने आली आहेत. लेन्सचे तोंड पूर्ण उघडले की नवरीची पापणी धारदार येते आणि मागचे सगळे मऊ, सुंदर धुके होते. त्या धुक्यात घर असते, तुळस असते, परात धरून उभी असलेली कुणाची तरी आई असते. लग्नाआधीचे फोटो तर गावात काढायचेच नाहीत असे ठरलेले. ते रिसॉर्टमध्ये, भाड्याच्या गाऊनमध्ये, धुराच्या नळकांड्यांत. कुणाच्या हौसेला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. गरिबाच्या पोरीला एक दिवस सिनेमातल्यासारखे दिसावेसे वाटले तर त्यात वाईट काय? पण तो स्टुडिओतला मुलगा आईला पैठणी नेसवत होता, तोही तेच करत होता. आहे ते लपवून बरे दिसेल ते लावत होता. म्हणून नवशिक्यांना माझे एवढेच सांगणे असते, की धुक्याचे फोटो हवे तितके काढा, गिऱ्हाईक त्याचेच पैसे देते. पण प्रत्येक विधीला एकदा तरी लेन्सचे तोंड लहान करा, दोन पावले मागे या आणि घर, अंगण, मागच्या रांगा यांच्यासकट एक फोटो घ्या. स्वयंपाकाच्या चुलीकडे जा. पंगतीच्या शेवटी बसलेल्या बायकांकडे जा. दोन रोलवाल्याला ते परवडत नव्हते, तुम्हाला परवडते. आणि शेवटी थोडे तरी कागदावर छापून द्या. आमचा चिकटलेला, तांबूस पडलेला अल्बम तीस वर्षांनी उघडला. माझा पहिला मोबाइल आज उघडत नाही.

हे मी शिकवले असे नव्हे. ती मुलगी हे आधीपासून करत होती. तिला कुणी सांगावे लागले नाही, कारण आपले घर कुठे उरले आहे हे तिला माहीत होते.

*

यंदाच्या वैशाखात तिने पहिले लग्न एकटीने केले, तेही अड्याळलाच. मी आमंत्रित म्हणून गेले होते, म्हणजे निदान तसे दाखवत होते. माळ पडली तेव्हा फ्लॅश पेटला. मीही श्वास सोडला.

जेवणे आटोपत आल्यावर ती मांडवाच्या मागे गेली. तिथे चुलीजवळ नवरीची आजी एकटीच बसली होती, पायांना उन्हाचा चटका बसू नये म्हणून पोत्यावर पाय घेऊन. मुलीने कॅमेरा वर केला तशी आजी म्हणाली, "माहा फोटू कायले काढतं वं पोरी? तिकडे नवरीचा काढ." मुलगी काही न बोलता तिच्यासमोर उकिडवी बसली. थोडा वेळ दोघी भाताबद्दल, उन्हाबद्दल, आजीच्या माहेरच्या गावाबद्दल बोलत राहिल्या. मधेच कधीतरी फोटो निघाला. आजीला तो मागच्या छोट्या पडद्यावर दाखवला. तिने डोळे बारीक करून बराच वेळ पाहिला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आता पुन्हा एक काढ. अन् मोठा करून देजो. कामी येईल."

तो फोटो छापून, चौकट करून महिन्याभराने तिने आजीला नेऊन दिला. पैसे घेतले नाहीत, असे मला मागाहून कळले. मी तिला रागावले. छपाईचे आणि चौकटीचे तरी घ्यायचे, म्हटले. हा धंदा आहे. ती म्हणाली, "हो मॅडम." या वेळी मात्र ती हसत होती.